गळीत हंगाम लागला की कॉम पोर्ट गायब

दिवाळीनंतर कारखान्याचं धुराडं पेटलं की माझा हॅम रेडिओ (हौशी लोकांचा, ऐकायचा आणि पाठवायचाही) आणि लॅपटॉप यांची बोलाचाल बंद व्हायची. कॉम पोर्ट, म्हणजे लॅपटॉपची रेडिओशी बोलायची सिरीयल वाट, गायब. मार्चपर्यंत रडरड. मग पट्टा पडायचा (हंगाम संपायचा), वळवाचे दोन पाऊस व्हायचे आणि दोघांचा आपोआप समेट. असं ओळीनं तीन वर्षं चाललं. "साखरेचा धूर लागतोय का तुमच्या मशीनला?" असं बायकोनं विचारून झालं होतं, आणि खरं सांगतो, तिसऱ्या वर्षी मलाही क्षणभर तसंच वाटलं.

मी सांगलीजवळच्या एका साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटेशनला आहे. दिवसभर पीएलसी (यंत्रं चालवणारे छोटे संगणक), आरएस-४८५ च्या सिरीयल तारा आणि बॉयलरचे सेन्सर. म्हणजे सिरीयल केबल हा माझ्या पोटापाण्याचा विषय. तरी घरची दोन मीटरची केबल मला तीन हंगाम पुरून उरली. मधल्या काळात सांगली-मिरज-कुपवाडकडच्या ओळखीच्या हॅम मंडळींकडेही याच दुखण्यासाठी जाणं झालं. त्यांच्याकडची कारणं वेगळी निघाली, पण तक्रार सगळीकडे एकाच शब्दात: "लागत न्हाई."

या "लागत नाही"चाच घोळ आहे. कधी लागत नाही, हे कुणी सांगत नाही. मीही सांगत नव्हतो.

माझी लक्षणं अशी. विश्रामबागेत दुसऱ्या मजल्यावर शॅक, म्हणजे माझी रेडिओची खोली. याएसूचा एफटी-८५७डी, त्याच्या पाठीवरच्या गोल आठ पिनी जॅकमधून यूएसबी केबल लॅपटॉपला. लॅपटॉपवर डब्ल्यूएसजेटी-एक्स हा प्रोग्राम, त्यात एफटी८ हा छोटे डिजिटल संदेश पाठवायचा मोड. (हा मोड २०१७ मध्ये आला. त्याच्या दोन कर्त्यांपैकी जो टेलर यांना १९९३ चं भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालेलं आहे. एवढ्या मोठ्या माणसाचा प्रोग्राम आपल्या घरात येऊन लाल चौकट दाखवतो, तेव्हा चूक आपलीच असणार हे आधीच कळायला हवं.) नुसतं ऐकत बसलं तर तासन्‌तास काही होत नाही. पाठवायला लागलं की दुसऱ्या-तिसऱ्या सेकंदाला विंडोजचा तो यूएसबी उपटल्याचा आवाज, आणि पडद्यावर "रिग कंट्रोल एरर". पुढे सगळ्यात वाईट म्हणजे रेडिओ पाठवतच राहतो. कारण साधं आहे: "पाठव" हा हुकूम त्या तारेतून गेला होता, "थांब" हाही तिथूनच जायचा होता, आणि मधे तारच मेली.

म्हणून बाकी काही करण्याआधी रेडिओच्या मेनूत टीओटी, म्हणजे टाइम-आउट टायमर, एका मिनिटावर लावा. एफटी८ चं एक प्रक्षेपण १२.६४ सेकंदांचं असतं, त्याला एक मिनिट भरपूर झालं. मी हे पहिल्या वर्षी केलं नाही. चहा आणायला खाली गेलो होतो; परत आलो तर रेडिओचा पंखा जोरात चाललेला आणि पाठीवर हात ठेववत नव्हता.

सुरुवातीपासूनच लागत नसेल

हा प्रकार त्यातल्या त्यात सोपा. केबल आणि रेडिओ यांची भाषा जुळत नाही, एवढंच असतं. पण "भाषा" तीन थरांची आहे आणि लोक सगळ्यात वरच्या थरापासून सुरुवात करतात, प्रोग्रामची सेटिंग उलटसुलट करत बसतात.

खालून सुरू करा. पहिला प्रश्न व्होल्टेजचा. जुना खरा आरएस-२३२ म्हणजे उणे ३ ते उणे १५ व्होल्टला १ आणि अधिक ३ ते अधिक १५ ला ०. एफटी-८५७ सारख्या रेडिओच्या आतला सिरीयल टीटीएल पातळीचा: ५ व्होल्ट म्हणजे १, शून्य म्हणजे ०. म्हणजे पातळीही वेगळी आणि अर्थही उलटा. मिरजेचे एक काका आहेत, वय सत्तरच्या पुढे, हात अजून स्थिर. त्यांनी बाजारातला नऊ पिनी यूएसबी-सिरीयल कन्व्हर्टर घेतला, टोक कापलं आणि सरळ आठ पिनी प्लगवर सोल्डर केलं. काम सुबक, पण मधे मॅक्स२३२ सारखी पातळी बदलणारी चिप नाही. रेडिओ वाचला हे नशीब. "काका, मीटर लावला होता का?" विचारलं तर म्हणाले, "अरे, तारा तीनच, त्यात मीटर कशाला?"

मीटर यासाठी: रेडिओ न जोडता, केबल फक्त लॅपटॉपला लावून, केबलच्या टीएक्स (पाठवायच्या) पिनेवर ग्राउंडच्या सापेक्ष व्होल्ट मोजा. काही पाठवत नसताना ती पिन १ वर उभी असते. मीटरवर उणे पाच-सहा किंवा त्याहून जास्त उणे आलं तर केबल आरएस-२३२ ची. अधिक ५ किंवा ३.३ आलं तर टीटीएल. अर्ध्या मिनिटाचं काम आहे आणि अंदाजाला जागा उरत नाही. केनवुडच्या टीएस-४८०, टीएस-२००० या रेडिओंना मात्र पाठीवर खरा नऊ पिनी आरएस-२३२ आहे, तिथे कन्व्हर्टर सरळ चालतो.

दुसरं, केबल स्वतः जिवंत आहे का. रेडिओपासून सोडवा (एफटी-८५७ च्या त्याच जॅकमधल्या एका पिनेवर १३.८ व्होल्ट असतात, चिमट्याने तिथे खेळ नको) आणि केबलच्या टोकाला टीएक्स आणि आरएक्स (ऐकायची पिन) बारीक तारेनं एकमेकांना जोडा. लॅपटॉपवर पुट्टी हा टर्मिनल प्रोग्राम उघडा, तो कॉम पोर्ट निवडा, काहीतरी टाइप करा. जे टाइप कराल तेच परत उमटलं तर चिप, ड्रायव्हर, तार सगळं ठीक. नाही उमटलं तर रेडिओला दोष देणं थांबवा.

तिसरं, रेडिओशी प्रोग्रामशिवाय बोलून बघा. हे मला फार आवडतं, कारण यात पांघरूण काही नाही. रिअलटर्मसारखं टर्मिनल घ्या, ज्यात हेक्समध्ये (सोळाच्या पायाच्या आकड्यांत) पाठवता येतं. वेग ४८००, आठ डेटा बिट, पॅरिटी नाही, दोन स्टॉप बिट. एफटी-८५७ ला पाच बाइट पाठवा:

०० ०० ०० ०० ०३

रेडिओ ७.०७४ मेगाहर्ट्‌झवर यूएसबी मोडमध्ये असेल (इथे यूएसबी म्हणजे अप्पर साइडबँड, केबलवाला नव्हे, या दोघांच्या नावानं नवख्यांचा एक अख्खा दिवस जातो) तर उत्तर येतं:

०० ७० ७४ ०० ०१

पहिले चार बाइट म्हणजे फ्रिक्वेन्सी, दहा हर्ट्‌झच्या हिशोबात, आणि शेवटचा मोड. डायल फिरवून १४.०७४ वर न्या, परत विचारा: ०१ ४० ७४ ०० ०१. रेडिओच्या तबकडीवरचा आकडा जसाच्या तसा तारेतून आलेला बघितला की पुढे प्रोग्राम काय म्हणतो याची भीती राहत नाही. पाच बाइटांना ४८०० च्या वेगानं जेमतेम साडेअकरा मिलिसेकंद लागतात.

उत्तरच नाही आलं तर रेडिओच्या मेनूत बघा. या मॉडेलमध्ये तो एकच जॅक कॅट (संगणकावरून रेडिओ चालवणं), लिनियर (ताकद वाढवणारा अ‍ॅम्प्लिफायर) आणि ट्यूनर (अँटेना जुळवणारा) असा तिघांत वाटलेला आहे. आधी कुणी ट्यूनर लावला असेल तर मेनू तिकडेच राहिलेला असतो. कचरा आला तर वेग जुळत नाही: रेडिओत ३८४००, प्रोग्राममध्ये ४८००. आणि "कधी लागतं, कधी नाही" असं झालं तर स्टॉप बिट तपासा. पुस्तिकेत दोन असतात आणि प्रोग्राममध्ये एकच ठेवलेला असतो.

केनवुडवाल्यांचं त्याहून सोपं. त्यांची भाषा साध्या अक्षरांची: "एफए;" लिहा, "एफए" आणि पुढे अकरा आकडी फ्रिक्वेन्सी परत येते. आयकॉमच्या रेडिओंची भाषा सीआय-व्ही, तिची तऱ्हा निराळी. एकाच तारेवर सगळे बोलतात, म्हणून आपण पाठवलेलं आपल्यालाच आधी परत ऐकू येतं, आणि प्रत्येक रेडिओला पत्ता असतो. आयसी-७३०० चा ९४, आयसी-७१८ चा ५ई. प्रोग्राममध्ये चुकीचं मॉडेल निवडलं की पत्ता चुकतो, आणि रेडिओ सभ्य माणसासारखा गप्प बसतो, कारण पत्र त्याच्या नावचं नाही. टर्मिनलवर फक्त स्वतःचाच हुकूम परत दिसला आणि पुढे काही नाही, तर नव्वद टक्के पत्ताच.

काल लागत होतं, आज नाही

इथे बहुतेक वेळा विंडोज. थोडक्यात उरकतो.

गावभागातल्या एका मित्राचं घर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी कृष्णेनं ५७ फूट गाठले. धोक्याची पातळी ४५ ची. त्यानं रेडिओ, पॉवर सप्लाय, लॅपटॉप सगळं वरच्या मजल्यावर चढवलं, म्हणून सामान वाचलं. पाणी उतरल्यावर, घर धुऊन काढल्यावर, सगळं पुन्हा मांडलं आणि रेडिओ लागेना. त्याला वाटलं ओल गेली आत. चार दिवस पंखा लावून रेडिओ वाळवला बिचाऱ्यानं. झालं होतं एवढंच की यूएसबी केबल लॅपटॉपच्या दुसऱ्या भोकात बसली होती आणि कॉम ३ चा कॉम ७ झाला होता. स्वस्त चिपांमध्ये स्वतःचा अनुक्रमांक नसतो, त्यामुळे विंडोज केबलला न ओळखता भोकाला ओळखतं. अनुक्रमांक असलेली चिप कुठेही लावा, कॉमचा आकडा तोच राहतो. मी यावर भोकापाशी नेलपॉलिशचा ठिपका आणि केबलवर तोच ठिपका असा इलाज केला आहे.

साताऱ्याचा एक दोस्त, त्याचं असंच रात्रीत बिघडलं. विंडोजनं अपडेट घेतलं, ड्रायव्हर बदलला आणि डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळा त्रिकोण, "कोड १०". केबलमधली चिप नक्कल होती. या नकलींचा इतिहास जुना आहे. २०१४ च्या ऑक्टोबरमध्ये एफटीडीआयच्या नव्या ड्रायव्हरनं नकली चिपांचा ओळखक्रमांकच शून्य करून टाकला होता आणि जगभर आरडाओरडा झाला होता. तात्पुरता उपाय म्हणजे डिव्हाइस मॅनेजरमधून जुना ड्रायव्हर परत बसवणं. कायमचा म्हणजे खात्रीची केबल. दोनशे रुपये वाचवायला गेलं की चार रविवार जातात.

आणखी एक. एक कॉम पोर्ट एका वेळी एकच प्रोग्राम उघडू शकतो. लॉगचा प्रोग्राम आधी उघडला की डब्ल्यूएसजेटी-एक्सला "अ‍ॅक्सेस डिनाइड". दोन्ही हवे असतील तर ओम्निरिग किंवा हॅमलिबसारखा मधला दलाल ठेवावा लागतो, जो पोर्ट स्वतः धरतो आणि दोघांना वाटून देतो. लिनक्सवाले असाल तर बहुतेक वेळा तुमचं नाव डायलआउट ग्रुपमध्ये नसतं, एवढंच. ग्रुपमध्ये घाला, लॉगआउट करून परत या.

दहा-पंधरा मिनिटं ऐकत बसल्यावर आपोआप तुटत असेल, पाठवण्याशी संबंध नसेल, तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये यूएसबी हबच्या पॉवर मॅनेजमेंटची ती खूण काढा. लॅपटॉप वीज वाचवायला म्हणून तुमची केबल झोपवत असतो.

प्रोग्राम उघडताच रेडिओ बोंबलतो

हे कुपवाडला एका ओळखीच्या हॅमकडे बघितलं. लॅपटॉप चालू केला, अजून कशाला हात लावला नाही, आणि रेडिओचा लाल दिवा पेटला. घाबरून त्यांनी अँटेनाच उपटली, म्हणजे वर आणखी धोका. सिरीयल पोर्टमध्ये डेटाच्या तारांशिवाय आरटीएस आणि डीटीआर अशा दोन इशाऱ्याच्या तारा असतात. त्यांच्या आयसी-७३०० मध्ये "यूएसबी सेंड" डीटीआरवर लावलेलं होतं. कुठलाही प्रोग्राम पोर्ट उघडताना सवयीनं डीटीआर उचलतो, रेडिओ समजतो मालकानं बटण दाबलं. रेडिओतलं ते सेटिंग ऑफ करून पाठवण्याचा हुकूम कॅटमधूनच द्या, किंवा प्रोग्रामच्या रेडिओ टॅबमध्ये दोन्ही इशारे "लो" वर सक्तीने ठेवा. उलटही घडतं: काही जुन्या घरगुती इंटरफेसना वीजच आरटीएस-डीटीआरमधून मिळते, तिथे ते "हाय" ठेवले नाहीत तर इंटरफेस मेलेलाच.

पाठवतानाच तुटतं

आता माझं दुखणं.

पहिल्या हंगामात मी केबल बदलली. दुसऱ्या हंगामात लॅपटॉप. केबलला, लॅपटॉपला, ड्रायव्हरला नावं ठेवून झाली. तिसऱ्या हंगामात आमच्या कारखान्यातल्या जुन्या वायरमननं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "सायेब, अर्थिंग बघा आधी. निम्मे आजार तितंच असत्यात." पटलं. आमच्याकडची काळी माती. दिवाळीनंतर सुकायला लागते, भेगा पडतात, अर्थिंगच्या पाइपपासून सुटते. हंगाम लागला की त्रास सुरू होतो त्याचा अर्थ लागला असं वाटलं. खड्डा उकरला, मीठ-कोळसा भरला, रोज बादलीभर पाणी. शॅकपासून खड्ड्यापर्यंत जाड तांब्याची नवी तार, भिंतीवरून सरळ खाली.

फरक शून्य. उलट थोडं वाढलंच.

तेव्हा कुठे एक गोष्ट खटकली, जी आधीच खटकायला हवी होती. माती सगळ्यात कोरडी कधी असते? मे महिन्यात. आणि मे महिन्यात मला कधीच त्रास नसायचा.

लॉग काढला. तीन वर्षांचा. तुटल्याच्या वेळी मी शेरा टाकत असे, शिव्यांसकट. एकूण एक शेरा ७.०७४ च्या, म्हणजे ४० मीटर बँडच्या, ओळीत. २० मीटरवर, १४.०७४ ला, एकही नाही. आणि मग सगळं उलगडलं. हंगामात माझी पाळी सुटून घरी यायला रात्र होते. रात्री चालणारा बँड म्हणजे ४० मीटर. थंडीत तो शांतही असतो. एप्रिलपासून वळवाच्या विजा सुरू झाल्या की ४० वर नुसती खरखर, शिवाय पाळीही सैल, म्हणून मी दिवसाउजेडी २० वर असतो. ऋतूचा काही संबंध नव्हता. मातीचा नव्हता, धुराचा तर नव्हताच. बँडचा होता.

आता चाचण्या सरळ सुचल्या. आधी डमी लोड, म्हणजे अँटेनाऐवजी लावायचा, ताकद उष्णतेत जिरवणारा रोध. अँटेना काढून ५० ओहमचा डमी लोड लावला, ५० वॉट, ४० मीटर, वीस मिनिटं पाठवलं. लॅपटॉप ढिम्म. म्हणजे केबल, पॉवर सप्लाय, ड्रायव्हर निर्दोष सुटले, आणि तीन वर्षांत मी बदललेल्या सगळ्या वस्तूही. ज्यांना पाठवतानाच तुटण्याचा त्रास आहे त्यांनी हे सगळ्यात आधी करावं. डमी लोडवरही तुटत असेल तर मग वीजपुरवठा, सैल जोड, केबल यांच्याकडे वळा. तुटत नसेल तर अँटेनातून निघालेली आरएफ (रेडिओ लहरींची ऊर्जा) शॅकमध्ये परत येते आहे.

अँटेना लावली आणि वॉट चढवत गेलो. १० वर ठीक. २० वर तुटलं. लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर घेतला तर ४० पर्यंत टिकलं. चार्जर हा आरएफला जमिनीकडे जायचा एक रस्ता होता, तो बंद झाला.

माझी अँटेना म्हणजे एंड-फेड हाफवेव्ह, अर्ध्या तरंगलांबीची आणि एका टोकाला जोडलेली तार. गच्चीवरच्या टाकीपासून शेजारच्या उंबरापर्यंत वीस मीटर तार, टाकीपाशी ४९ ला १ चा ट्रान्सफॉर्मर, तिथून कोॲक्स (बाहेरून जाळी असलेली अँटेनाची केबल) खाली शॅकमध्ये. लावायला सुटसुटीत, म्हणून सगळे लावतात. पण अशा अँटेनाला परतीच्या करंटसाठी दुसरी बाजू हवी असते, आणि आपण दिली नाही तर ती स्वतः शोधते: कोॲक्सच्या जाळीची बाहेरची बाजू, तिच्यावरून रेडिओची पेटी, पेटीवरून यूएसबी केबलचं कवच, तिथून लॅपटॉप. पाठवण्याच्या वेळी माझा लॅपटॉप अँटेनाचाच एक भाग झालेला होता.

मग अर्थिंग का कामी आली नाही? शॅकपासून खड्ड्यापर्यंतची माझी नवी तार मोजली: साडेदहा मीटर. ७ मेगाहर्ट्‌झला पाव तरंगलांबी होते साधारण तेवढीच. पाव लांबीच्या तारेचा स्वभावच असा की एक टोक जमिनीला पक्कं बांधलं तर दुसरं टोक आरएफच्या नजरेत अगदी मोकळं, लोंबकळतं. खाली जितकं पक्कं तितकं वर मोकळं. म्हणजे मीठ-कोळसा भरून मी आजार वाढवत होतो. आणि तीच तार १४ मेगाहर्ट्‌झला अर्धी तरंगलांबी होते. तिथे खालचं टोक जसं तसंच वरचं, म्हणजे २० मीटरवर माझा शॅक खरोखरच जमिनीला टेकलेला. हिशोब ढोबळ आहे, भिंत, पाइप, घरातल्या तारा त्यात लुडबुड करतात. पण तीन वर्षांच्या लॉगशी ओळ न्‌ ओळ जुळतो.

(अर्थिंग काढून टाकू नका म्हणजे झालं. ती विजेच्या झटक्यासाठी आहे आणि ते काम ती नीट करते. दोन पिनी चार्जरवरच्या लॅपटॉपच्या कडेला हात लागला की झिणझिण्या येतात, त्या स्थितीत रेडिओची केबल खोचली तर आतलं नाजूक आयसी जाऊ शकतं. जोडाजोड नेहमी दोन्ही बंद ठेवून करा.)

उपाय दोन टप्प्यांत केला, मुद्दाम एका वेळी एकच. आधी यूएसबी केबलवर फेराइट, म्हणजे आरएफ अडवणारा गोळा किंवा रिंग. घरात जुन्या मॉनिटरच्या केबलवरचा क्लिपचा गोळा होता, तो लावला. काही नाही. एका वेढ्याचा गोळा ७ मेगाहर्ट्‌झला फारसं अडवत नाही. अडथळा वेढ्यांच्या वर्गाच्या पटीत वाढतो: पाच वेढे म्हणजे साधारण पंचवीसपट. मोठी रिंग घेऊन केबलचे पाच वेढे घातले, दोन मीटरची केबल एक मीटरची केली. आता ४० वॉटपर्यंत टिकलं. खूश होऊन इथेच थांबलो असतो तर पुढच्या हंगामात परत रडलो असतो, कारण लॅपटॉपचं कान झाकणं झालं, ओरडणारा तसाच.

मग खरा इलाज. ३१ नंबरच्या मिश्रणाची सुमारे अडीच इंची टोरॉइड रिंग (एफटी२४०-३१ या नावानं मिळते, एचएफच्या, म्हणजे लघुलहरींच्या, खालच्या बँडना हेच मिश्रण बरं), तीवर आरजी-५८ चे बारा वेढे, हा चोक (जाळीच्या बाहेरून येणारा करंट अडवणारा) खिडकीतून कोॲक्स आत येते तिथे. आणि वर टाकीपाशी, ट्रान्सफॉर्मरच्या ग्राउंड बाजूला, दोन मीटरची मोकळी तार, परतीच्या करंटला जायला हक्काची जागा म्हणून. वेढे घालताना आरजी-५८ फार करकचून वळवू नका, आतली तार उन्हाळ्यात मऊ प्लास्टिकमधून सरकते.

५० वॉट, ७.०७४, अँटेना. लॅपटॉप ढिम्म. यूएसबीवरची रिंग काढली. तरी ढिम्म. चार्जर लावला. तरी. मग रिंग परत घातली, असू दे म्हणून.

एक गोष्ट मात्र कबूल करायला हवी. खाली स्वयंपाकघरात इंडक्शनची शेगडी आहे, बोटानं दाबायच्या काचेची. पहिल्याच हंगामात बायको म्हणाली होती, "अहो, तुमचं ते वर सुरू झालं की शेगडी आपोआप टुक करते, थांबते, परत टुक करते. पंधरा सेकंदांनी." एफटी८ चे फेरे पंधरा सेकंदांचे असतात. आरएफ घरभर फिरते आहे याचा याहून स्वच्छ पुरावा कुणी देऊ शकलं नसतं, आणि मी म्हणालो होतो, "अगं, शेगडी जुनी झालीय."

चोक लावल्यापासून ४० मीटरवर शेगडी गप्प आहे. १५ मीटरवर, २१.०७४ ला, ८० वॉट दिले तर अजून एखादा टुक येतो. लॅपटॉपला काही होत नाही. त्या बँडसाठी रात्री साडेआठनंतरची परवानगी मिळाली आहे, तोवर स्वयंपाक आवरलेला असतो. तोवर १५ मीटरही बहुतेक आवरलेलाच असतो.